ती रेघ माझी होती

हिराजी, तुझी जीप काल परत आणून तुझ्या दारात उभी केली. पुढचा डावा मडगार्ड थोडा चेपलाय, तो माझ्या हातून. बाकी सगळं तसंच आहे, क्लच जड आणि हॉर्न बंद. चावी पार्वतीवहिनींच्या हातात दिली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सांगून आलाव?" मी हो म्हटलं. काय काय सांगून आलो ते मात्र त्यांना सांगितलं नाही. ते आधी तुला सांगायला हवं.

तू जाऊन तीन आठवडे झाले. घणसोलीत देवळापुढे शोकसभा झाली. तुला कुणी दानशूर म्हणालं, कुणी समाजाचा आधारस्तंभ. तू रेती-विटांचा सप्लायर होतास आणि कबूल केलेल्या दिवशी माल कधीच पोचवत नव्हतास, हे कुणी बोललं नाही. मलाही बोलायला उभं केलं. मी चार वाक्यं बोललो आणि बसलो. जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझी तेवढी हिंमतही नव्हती.

आपली ओळख भांडणातून झाली. नवं शहर आखणाऱ्या आमच्या ऑफिसात नकाशे काढायच्या टेबलाशी मी खाली मान घालून बसलो होतो आणि तू माझ्यासमोर गावठाणाच्या हद्दीचा नकाशा आपटलास. "इंजिनेर, ही रेघ आमचे पडवीतशी जाते. आता मी झोपू कुठं, रेघेचे अल्याड का पल्याड?" मी इंजिनिअर नाही, ड्राफ्ट्समन आहे, असं तुला त्या दिवशी सांगितलं आणि पुढे आठ वर्षं सांगत राहिलो. काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन तुझ्या घरी आलो, मापं घेतली. रेघ दोन हात चुकली होती. ती सरळ करून घ्यायला मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी तुझ्या घरी इतक्या वेळा जेवलो, की मुलं मला काका म्हणायला लागली.

जीप तू लष्कराच्या लिलावातून आणलेली. शेतं शहरात गेली, बैल विकले, तेव्हा घरासमोरची बैलगाडीची जागा रिकामी दिसायला लागली म्हणून जीप आणली, असं तू सांगायचास. वहिनी सांगायच्या की डोंगरात भटकायचं खूळ तुला लहानपणापासूनच होतं, बैलांचं उगाच नाव. मला दोन्ही खरं वाटतं. पहिल्यांदा रविवारी कळंबोलीला येऊन तू मला खाली बोलावलंस, तेव्हा मी म्हटलं, डोंगर आमच्या गॅलरीतूनही दिसतो. तू म्हणालास, "दिसतो ना. पन त्याचे मागं काय हाय ते तुझी गॅलरी दाखवते का?"

मग आपण त्याच्या मागे काय आहे ते बघत सुटलो. पनवेल ओलांडलं की डांबर संपायची वाटच बघायचास तू. डांबर संपलं की फोर-व्हील टाकायचास आणि तोंडाने गायला लागायचास, तेही बेसूर. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, खाणीचे सोडून दिलेले रस्ते, लाकूडतोड्यांच्या वाटा, नदीचं कोरडं पात्र, जिथे चाक मावेल तिथे आपण गेलो. कर्नाळ्याच्या मागच्या अंगाला कारवी फुललेली बघितली, तेव्हा तू इंजिन बंद करून दहा मिनिटं गप्प बसला होतास. तू दहा मिनिटं गप्प बसल्याचं माझ्या आठवणीतलं ते एकमेव उदाहरण.

ओढा आला की तुझा एक नियम होता. एकाने उतरून पाण्यातून पुढे चालायचं, पायाने तळ चाचपायचा, आणि मागे न बघता हाताने खूण करायची. "पुढं चालनारा दाखवेल ती वाट. गारीत बसलेल्यानं तोंड उघडायचं नाय." आपण आलटून पालटून चालायचो. एकदा मी ठामपणे डावीकडे खूण केली आणि तू निमूटपणे जीप बरोबर डोहात घातलीस. पाणी सीटपर्यंत आलं. तुला डोह दिसत होता, हे तू नंतर कबूल केलंस. "मग वळवली का नाहीस?" मी ओरडलो. "तू पुढं होतास ना," तू म्हणालास. तो दिवस आपण जीप उन्हात वाळवण्यात घालवला.

त्या वाडीवर आपण पोचलो तेही असंच, काहीतरी मोडलं म्हणून. नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला. वाडीचं नाव इथेही लिहीत नाही. एकदा कागदावर घातलं त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. दगडावरून उतरताना मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि जीप एका कुशीवर बसली. पलीकडच्या खाचरातून लहानू ठाकूर आला, काही न विचारता खाली वाकून बघितलं, आणि कोयत्याने लाकूड तासून पाट्याखाली घालून दोराने असं आवळलं की पनवेलपर्यंत हूं की चूं झालं नाही. तोवर त्याच्या बायकोने, बुधीबाईने, आपल्याला नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. तू चार भाकऱ्या खाल्ल्यास आणि तिला म्हणालास, "आये, आमचे खाडीचा जवला डोंगरान येऊन चांगला लागतो." ती तुझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी असेल. आये म्हटल्यावर ती हसली ती हसलीच.

मग ती वाडी आपली झाली. दिवाळीनंतर भात कापून झालं की लहानू बांधांना खांडी पाडायचा, खाचरांतून बैलगाडीची वाट मोकळी व्हायची, आणि त्याच वाटेने आपली जीप थेट त्याच्या अंगणात. होळीनंतर तो खांडी मातीने बुजवायचा, की वाट संपली. पावसाळ्यात त्या जागी भात उभं असायचं. तू तेव्हाही जायचास, जीप डांबरावर ठेवून, पायी.

आता नकाशाचं.

मी तो का काढला हे तू कधी विचारलं नाहीस. मला हौस होती, एवढंच. दिवसभर दुसऱ्यांच्या सेक्टरांचे आणि प्लॉटांचे नकाशे काढणाऱ्या माणसाला वाटलं, एक आपल्या भटकण्याचा काढावा. ट्रेसिंगवर शाईने काढला. ओढे, टेकड्या, विहिरी, वाड्या, सगळं. तू घरी आलास तेव्हा कौतुकाने दाखवला. तू बोटाने वाट शोधत शोधत वाडीपर्यंत गेलास आणि विचारलंस, "यात भात कुठं हाय?"

"नकाशात भात दाखवत नाहीत," मी म्हटलं.

"मंग यो कागद दिवालीचा हाय का आषाढाचा?"

मी हसलो. कागदाला महिना नसतो म्हणालो. तू पण हसलास, आणि चहा आला.

हंगामी वाट तुटक रेघेने दाखवायची, बारमाही रस्ता दोन अखंड रेघांनी. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलेलं आहे. मी वाडीपर्यंत दोन अखंड रेघा ओढल्या होत्या. तुटक रेघ काढायला वेळ लागतो आणि ती दिसते दरिद्री. शिवाय आपण गेलो होतो ना तिथून, जीपने! म्हणजे रस्ताच. हे कारण देताना आजही लाज वाटते, पण दुसरं कारण नाही.

ऑफिसातल्या एका साहेबांनी तो नकाशा माझ्या टेबलावर बघितला. एरवी माझ्याकडे ढुंकून न बघणारा माणूस. म्हणाले, काय हात आहे तुमचा! त्यांच्या भाच्याला आणि त्याच्या मित्रांना जीप घेऊन डोंगरात जायचा शौक आहे, एखादी कॉपी मिळेल का? मी जेवणाच्या सुट्टीत सहा प्रिंट काढून दिल्या. कोपऱ्यात उत्तरेचा बाण, प्रमाण आणि माझी आद्याक्षरं, सगळं रीतसर. तुला सांगितलं नाही. तुला आवडणार नाही हे मला कळत होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

जूनच्या शेवटी चार जीप वाडीवर गेल्या. बांधाची खांड मातीने बुजवलेली होती. नकाशात तर रस्ता! त्यांना वाटलं दरड आली आहे. फावड्याने माती काढली आणि गाड्या घातल्या. बांधाच्या आत पहिलाच तुकडा बुधीबाईच्या राबाचा, लावणीची रोपं वाढवायचा, होता. राब भाजून, पेरून, रोपं वीतभर वर आलेली, आठवडाभरात लावणी. चाकं रुतली तशी त्या लोकांनी जोर लावला, पुढे-मागे, पुढे-मागे. संध्याकाळपर्यंत तिथे नुसता चिखल होता आणि खाचरातलं पाणी फोडलेल्या खांडीतून ओढ्याला गेलं होतं. रोपं गेली म्हणजे त्या वर्षीचं भातच गेलं.

हे मला तू सांगितलंस, आमच्या जिन्यात उभा राहून. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात माझी प्रिंट. चिखलात सापडलेली. कोपऱ्यातली आद्याक्षरं तेवढी स्वच्छ होती.

"चल," तू म्हणालास. "सासरवाडीवरशी रोपं आनलीत. अर्ध्या शेताला पुरतील. डोक्यावरून न्यायची हायत, एक मानूस कमी हाय."

"आज पाहुणे आलेत रे."

"पाहुने जेवतील त्यांचे ते. तू चल आनि बुधीबाईला सोताच्या तोंडानं सांग."

त्यावर मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "मी नुसती रेघ काढली, हिराजी. भर पावसात गाड्या घाला असं मी सांगितलं होतं का?"

तू आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर बरं झालं असतं. "आमची जमीन गेली तवा पन आधी कोनी नांगर घेऊन आला नाय," तू म्हणालास. "आधी रेघच आली."

"मग तुझी जमीन पण मीच घेतली म्हण ना!"

आतून सगळे पाहुणे ऐकत होते. तू प्रिंट आमच्या चपलांच्या कपाटावर ठेवलीस आणि जिना उतरून गेलास. मी गॅलरीत जाऊन बघितलं. जीपच्या मागे हिरव्या रोपांच्या जुड्या, ओल्या गोणपाटाखाली. मला वाटलं तू एकदा तरी वर बघशील.

महिनाभराने तू पुन्हा खाली येऊन हाक मारलीस, जणू काही झालंच नाही. आपण पुन्हा रविवारी निघायला लागलो. पालीकडे गेलो, माळशेजला गेलो. बांधकामाच्या खडीवरून जीप घालून तू दोन शिव्या खाल्ल्यास. हसलोही पुष्कळ. पण वाडीवर तू एकटाच जायचास, आणि कधीतरी मधूनच म्हणायचास, "बुधीबाई इचारत होती, इंजिनेर का येत नाय." मला वाटायचं, तू टोमणा मारतोयस. मी डिझेलचा विषय काढायचो.

एकदा नेऱ्याच्या पुढे फाट्यावर तू जीप थांबवलीस. इंजिन चालू. माझ्याकडे बघितलंस. सरळ गेलं की वाडी. मी म्हटलं, "राहू दे आज." तू उजवीकडे वळवलीस. त्या दिवशी तू गायला नाहीस. मी तेव्हा सरळ चल म्हटलं असतं तर, हा विचार तू गेल्याचा फोन आला त्या क्षणापासून माझ्या डोक्यात आहे. माणूस गेल्याचं दुःख असतं तसं मलाही आहे, रड म्हणावं तर रडू येतं. पण त्या दुःखाच्या आधी हा फाटा आठवतो, आणि मग मला तुझ्यासाठी नीट रडताही येत नाही.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "ते वाडीवर कोन सांगनार? ती लोकं वाट बगत असतील. आनि वाट तुमालाच ठावूक हाय." आणि जीपची चावी पुढे केली. तेराव्याला आलेल्या माणसांच्या देखत नाही कसं म्हणणार? म्हणालोही असतो, इतका मी भित्रा आहे. पण तुझी मुलगी बघत होती.

काल सकाळी निघालो. भात कापून झालेलं, खाचरं पिवळी, बांधांना खांडी पाडलेल्या. प्रबळगडाच्या कड्यावर ऊन आलं होतं. इतकी देखणी सकाळ होती की मला तुझा राग आला. ओढ्यापाशी थांबलो. पुढे चालायला कुणी नाही, म्हणून मीच उतरलो, पलीकडे जाऊन तळ बघून आलो आणि मग गाडी घातली. तरी मडगार्ड दगडाला लागलाच.

अंगणात जीप थांबली तशी बुधीबाई दारात आली. जीप बघितली आणि आत निघून गेली. मला नवल वाटलं. लहानू पेंढा रचत होता, तो खाली उतरला. "हिराजीशेठ कुठं हायत?" त्याने विचारलं. मी सांगितलं. तो होता तिथेच खाली बसला. मग त्याने आत हाक मारली आणि ती बाहेर आली. दाराची चौकट धरून उभी राहिली.

"कवा?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "मी त्याला दोन वरसं पानी नाय इचारलं."

मला कळेना.

"यायचा, वट्यावर बसायचा, लहानूशी बोलायचा. मी तोंड फिरवून आत जायची. आपल्या बाटलीतलं पानी प्यायचा आन जायचा. तरी दर पंधरा दिसांनी यायचा. तुझं तेवढं इचारायची, इंजिनेर का येत नाय, ते पन लहानूच्या तोंडून." तिचा आवाज फुटला. "त्यानंच वाट दाखवली ना त्या गाडीवाल्यांना? सोता येऊन बोल्ला, रोपं आनली त्या दिवशी. म्हनला, आये, माझी चूक झाली, मीच त्यांना वाट सांगितली."

हिराजी, जिन्यातून उतरून, ती रोपं घेऊन तू हे जाऊन सांगितलंस. आणि बुधीबाई माझी चौकशी करते असं तू म्हणायचास, तो टोमणा नव्हता. ती खरंच करत होती. माझ्यावर तिचा राग नव्हताच! तो सगळा तू घेतलास, आणि वाडीचं दार माझ्यासाठी उघडं ठेवलंस. मी कधीतरी येईन म्हणून. दोन वर्षं.

गप्प बसणं सोपं होतं. तू सगळं मिटवून गेला होतास. मी नुसती मान हलवली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि वाडीवर माझं स्वागतच झालं असतं. मी खरोखर थोडा वेळ गप्प बसलोही. हे तुझ्यापासून लपवत नाही.

मग म्हटलं, "तो नव्हता, आये. मी होतो. त्यांच्या हातात जो कागद होता तो मी काढलेला. हिराजीला माहीतही नव्हतं."

लहानूने मान वर केली. ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग तो का बोल्ला तसं?"

"मी आलो नाही म्हणून," मी म्हटलं.

"आन तू आता सांगतोस? तो गेल्यावर?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ती खाली बसली, पदर तोंडाला लावला आणि रडली, मोठ्याने, जशी माणसं आपल्या माणसासाठी रडतात तशी. मी तसाच उभा राहिलो. रडणं ओसरल्यावर तिने अंगणातल्या जीपकडे बघितलं, तुझ्या रिकाम्या सीटकडे.

"मंग आता मी पानी कोनाला देऊ?" ती म्हणाली.

चांगलंच ऊन झालं होतं आणि माझा घसा कोरडा पडला होता. निघेपर्यंत तिने मला पाणी विचारलं नाही, आणि मी मागितलं नाही.